घटी बसलेली वही

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण प्रकाशक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कुणीतरी ठाम बाई येते, चष्म्यावरून बघणारी, हस्तलिखितं साभार परत करणारी. मला एखादं हस्तलिखित परत करायचं असलं की दोन दिवस जेवण जात नाही. अमेरिकेत, नेपरव्हिलला आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये माझं प्रकाशन चालतं. एक टेबल, एक कॉम्प्युटर, भिंतीला लागून पुस्तकांचे खोके आणि कोपऱ्यात जमिनीखालचं पाणी बाहेर फेकणारा पंप. मार्चमध्ये बर्फ वितळायला लागलं की माझा एक कान सतत त्या पंपाकडे असतो. तो बंद पडला तर खोके भिजतील म्हणून मी सगळे खोके लाकडी फळ्यांवर चढवून ठेवले आहेत, वरून प्लॅस्टिक घातलं आहे. नवरा म्हणतो, एवढी काळजी माझी घेतली असतीस तर माझं कोलेस्टेरॉल कधीच खाली आलं असतं.

वर्षाला तीन-चार पुस्तकं काढते. प्रत्येकाच्या शंभर-दीडशे प्रती. लिहिणारे बहुतेक सगळे रिटायर झालेले काका आणि काकू, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी इथे आलेले. आयुष्यभर त्यांनी इंग्रजीत रिपोर्ट लिहिले आणि आता त्यांना देवाबद्दल, मनाबद्दल, मागच्या अंगणातल्या झाडांबद्दल मराठीत काहीतरी म्हणायचं असतं. अध्यात्माची इतकी पुस्तकं काढते म्हणून लोकांना वाटतं मी मोठी श्रद्धाळू असणार. तसं काही नाही. माझा देव भीतीतून आलेला आहे. मुलगा पहिल्यांदा एकटा हायवेवर गाडी घेऊन गेला त्या संध्याकाळपासून मी रोज दिवा लावायला लागले. विमान हललं की स्तोत्र म्हणते आणि जमिनीला टेकलं की अर्ध्यात सोडते. माझ्या लेखकांना हे कधी सांगितलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये एक काका त्यांची वही घेऊन आले. ऐंशी ओलांडलेले, मूळचे नागपूरकडचे, इथे उभा जन्म रस्त्यांखालची माती तपासण्यात गेलेला. नवा हायवे व्हायचा असला की आधी हे जाऊन खड्डा खणायचे आणि माती किती पाणी धरते ते बघायचे. त्यांच्या पत्नी त्याच्या आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीत गेल्या होत्या. वही त्या शेवटच्या वर्षाची होती. चैत्रापासून रोज सकाळी दोघं मागच्या खिडकीत चहा घेऊन बसायची, आणि पत्नी आत गेल्या की काका दोन-चार ओळी लिहायचे. फाउंटन पेनने, निळ्या शाईने, शाळेत शिकवलेल्या वळणदार अक्षरात. वहीचे त्यांनी सहा भाग केले होते. इलिनॉयमध्ये चार ऋतू असतात हे त्यांना मान्य नव्हतं. पानं गळून गेली आहेत आणि बर्फ अजून पडलं नाही, हे जे तीन-चार आठवडे असतात तो हेमंत नाही तर काय, असं त्यांनी मला टेबलावर बोट आपटून विचारलं.

वही मला पहिल्या पानापासून आवडली. मोठे शब्द कुठे नव्हते. एका ठिकाणी लिहिलं होतं की माती मुठीत दाबून बघितली की ओल किती आहे ते हाताला कळतं, यंत्र नंतर तेच सांगतं, आणि देवाकडे मी एवढंच मागतो की माणसांच्या बाबतीतही माझ्या हाताला ते वेळेवर कळावं. एवढं साधं वाक्य मी इतक्या वर्षांत छापलं नव्हतं. पानं चाळून दाखवताना काका शेवटच्या भागापर्यंत गेले. वर 'शिशिर' लिहिलं होतं आणि खाली पहिली ओळ होती, 'आज हॉस्पिटलातून एकटाच घरी आलो.' त्यांनी पटकन वही मिटली. मीही नजर दुसरीकडे वळवली.

माझी एक पद्धत आहे आणि तिचा मला फार अभिमान होता. मी हस्तलिखित आधी स्कॅन करत नाही. वहीतून वाचत वाचत स्वतः टाइप करते, म्हणजे लेखकाचा हात माझ्या हातात उतरतो, असं मी इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत सांगायची. या वहीच्या बाबतीत तर मी आणखी पुढे गेले. काकांना म्हटलं, तुमचा वसंत मी वसंतात वाचीन, ग्रीष्म ग्रीष्मात. पुस्तक वर्षभराने निघेल, पण ज्या ऋतूत लिहिलं त्याच ऋतूत टाइप होईल. काका इतके खूश झाले की त्यांनी माझा हात धरला. मग ठरूनच गेलं. एकेक ऋतू संपला की मी फोन करायची, काय आवडलं ते सांगायची, आणि ते त्या फोनची वाट बघायचे. जुलैत वादळ होऊन आमच्या गल्लीतली दोन झाडं पडली त्या आठवड्यात मी त्यांचा वर्षा ऋतू टाइप केला.

त्यांची मुलगी इथेच जन्मलेली, चाळिशीची, घरूनच काम करते आणि वडिलांना सांभाळते. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. जूनमध्येच ती मला म्हणाली होती की मावशी, सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा ना, जस्ट इन केस. मी हो म्हटलं. काढले नाहीत. फोटो काढायचे म्हणजे शेवटपर्यंत पानं उलटावी लागली असती आणि ती ओळ पुन्हा समोर आली असती. एकट्याने घरी आलेल्या माणसाची तेवीस पानं मला थंडीच्या आधी बघायची नव्हती. पद्धत वगैरे सगळं खरं, पण खाली हीच भीती होती, हे मी आता कबूल करते.

सप्टेंबरात मुलीचा पुन्हा फोन आला. नवरात्राला आठवडा राहिला होता. ती गॅरेजमध्ये जाऊन बोलत होती, म्हणजे वडिलांना ऐकू जाऊ नये. बाबा विसरायला लागले आहेत, डॉक्टरांनी नाव सांगितलं आहे, आणि ते थांबणार नाही. दुधाची कॅन त्यांनी कपड्यांच्या कपाटात ठेवली होती. आईबद्दल ते अजून नीट बोलतात, पण किती दिवस ते कुणी सांगत नाही. "मावशी, बुक लवकर होईल का?" तिने विचारलं. "त्यांना वाचता येतंय तोपर्यंत?"

शहाण्या माणसाने त्याच दुपारी वही स्कॅनरवर ठेवली असती. मी देवाकडे गेले.

आमच्याकडे घट बसतात. सासूबाईंनी भारतातून पाठवलेला चौरंग आहे. त्यावर दरवर्षी मी भाजायच्या अॅल्युमिनियमच्या ट्रेमध्ये माती घालते, गहू पेरते, वर तांब्याचा कलश ठेवते. नऊ दिवस रोज फुलांची माळ, रोज पाणी, नऊ दिवसांनी धान्य उगवून येतं. आणि एकदा देव बसले की दसऱ्यापर्यंत त्यांना हलवायचं नाही. ते बसलेले असतात, त्यांना उठवायचं नाही. बाकी अर्ध्या गोष्टी मी अमेरिकेत सोडून दिल्या, ही एक सोडली नाही. कुणी सांगावं, आमचं सगळं घर याच एका गोष्टीने धरून ठेवलेलं असलं तर?

दरवर्षी दसऱ्याला मी पुढच्या पुस्तकाचं हस्तलिखित पूजेत ठेवते. त्या वर्षी ठरवलं की काकांची वही पहिल्या माळेपासूनच घटाशी बसवायची. नऊ दिवस देवाजवळ राहील. हातातलं दुसरं पुस्तक तेवढ्यात छापायला जाईल आणि दसऱ्यानंतर शेवटचे सगळे ऋतू एका दमात टाइप करून टाकीन. आणि वही बसवायची तर अॅल्युमिनियमचा ट्रे नको, मातीचंच भांडं हवं, असंही मनाने घेतलं. गार्डन सेंटरमधून पसरट लाल कुंडी आणली. घरी आणल्यावर तिच्या बुडाला भोक दिसलं. कुंडीच ती, भोक असणारच. मी कणकेचा गोळा मळला, भोकात दाबून बसवला आणि वरून मेणबत्तीचं मेण ओतलं.

माती काकांनीच दिली. त्यांना घटाचं सांगितलं तर मागच्या अंगणातून पिशवी भरून ठेवली होती. काळी, तेलकट, विदर्भातल्यासारखीच माती, असं ते मुठीत दाबून म्हणाले. "ही पाणी धरून ठेवते," ते म्हणाले. "बेताने घाल." वही बसवणार आहे हे मी सांगितलं नव्हतं. पुस्तक हातात देताना सांगू, असं ठरवलं होतं.

पहिल्या दिवशी वही नव्या लाल सुती कापडात पोथीसारखी गुंडाळली, चौरंगावर आडवी ठेवली, तिला लागून, कापडाच्या टोकावरच, कुंडी. वसंत वर, शिशिर खाली. हात जोडून काय मागितलं ते नीट आठवतं. काकांचं डोकं पुस्तक येईपर्यंत शाबूत ठेव.

धान्य त्या वर्षी असं तरारून आलं की बघत राहावं. मी रोज ओंजळीने पाणी घालायची. काकांनी बेताने घाल म्हटलं होतं, पण उगवण चांगली झाली तर शकुन चांगला, म्हणून थोडं जास्तच घालायची. चौथ्या माळेला कोंब बोटभर झाले. फोटो काढून बहिणीला पाठवला. वहीच्या पानांचे फोटो काढायला ज्या फोनला वेळ मिळाला नाही, तोच फोन.

पाचव्या माळेला सकाळी फुलं वाहताना चौरंगाच्या कडेला एक गुलाबी ओघळ दिसला. बोट लावलं, बोट लाल झालं. मी स्वतःला सांगितलं, कुंकू सांडलं असेल. पण कुंकवाचा रंग मला तिसऱ्या वर्षापासून माहीत आहे. हा कुंकवाचा लाल नव्हता. मी नवऱ्याला हाक मारून बोट दाखवलं.

नवरा ऑफिसला जायला निघाला होता, त्याला ट्रेन गाठायची होती. बूट घालता घालता म्हणाला, उचलून बघ ना. मी म्हटलं, देव बसलेत. तो म्हणाला, वही म्हणजे देव नाही. मी म्हटलं, घटाशी बसवली आहे, आता मध्येच हलवली तर? त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि निघून गेला. मी वाद घातला असता तर तो थांबला असता आणि त्यानेच उचलली असती. म्हणून मी वाद घातला नाही.

काकांचं डोकं शाबूत ठेव म्हणून मी ती तिथे ठेवली होती. पाचव्या दिवशी उचलली आणि सहाव्या दिवशी काकांना काही झालं तर? हा एकच प्रश्न मला दिसत होता. वही भिजत असेल का, हा दुसरा प्रश्न मी पाहिलाच नाही असं केलं. चौरंगाच्या कडेखाली किचन टॉवेलची घडी घालून ठेवली. ती रोज गुलाबी व्हायची, रोज मी बदलायची. चार दिवस. पाणी कमी केलं, पण बंद केलं नाही, कारण कोंब सुकले तर तोही अपशकुन. माणूस घाबरला की किती व्यवस्थित वागतो.

दसऱ्याला घट उठवला. कुंडी उचलली तर कणकेचा गोळा खाली चिकटलेला राहिला, बुरशी येऊन हिरवा झालेला. भोकातून पांढरी मुळं बाहेर आली होती आणि लाल कापडात शिरली होती. कापड सोडलं. वरची पानं कोरडी होती. वसंत, ग्रीष्म, वर्षा, जे मी आधीच टाइप केलं होतं, ते सगळं धड. शरदाच्या कडा भिजल्या होत्या. हेमंत निम्मा गेला होता. आणि शिशिराची तेवीस पानं एकमेकांना चिकटून एकच झाली होती. ती सोडवायला मला दोन दिवस लागले. निळी शाई आणि कापडाचा लाल रंग मिसळून पानापानांवर जांभळट ढग झाले होते. फक्त वरच्या एका कोपऱ्यात पाणी पोचलं नव्हतं, तिथे प्रत्येक पानाचे एक-दोन शब्द वाचता येत होते. 'नर्स'. 'पार्किंग'. 'हिचे बूट'. 'मीठ टाकलेलं'. पहिली ओळही गेली होती, पण ती मला पाठ होती.

बेसमेंटमधल्या पंपाला मी वीस वर्षं घाबरले. पाणी मी वरून, स्वतःच्या ओंजळीने घातलं.

कोजागिरीला काकांचा फोन आला. शरद वाचून झाला का, म्हणून. मी म्हटलं, वाचतेय काका. आवाज थरथरला असावा, कारण त्यांनी विचारलं की तुला सर्दी झाली आहे का. मी हो म्हटलं. त्यांनी आल्याचा चहा घ्यायला सांगितला. फोन ठेवला आणि मी जिन्यात बसून राहिले.

त्यानंतरचे तीन आठवडे मी फोन जवळ घेऊन काढले. फोन वाजला की त्यांचाच असेल. फोन आला नाही की त्यांना काही झालं असेल. काकांना खरं सांगायचं तर लवकर सांगायला हवं, कारण त्यांना आठवतंय तोपर्यंत ते पुन्हा सांगू शकतील. आणि लवकर सांगायची हिंमत होत नव्हती, कारण त्या धक्क्याने उरलंसुरलं पुसून गेलं तर? मी भिंग घेऊन त्या ढगांखाली अक्षरं शोधायची. 'मी'ची वेलांटी सापडली तरी हरखून जायची. पण एका वेलांटीवरून कुणाची बायको कशी गेली ते कळत नाही. पानं गळत होती, गल्लीत सगळ्यांच्या अंगणात पाचोळ्याच्या कागदी पिशव्या उभ्या होत्या. हेमंत सुरू झाला होता आणि काकांचा शिशिर त्यांच्या डोक्यात, दर दिवसाला थोडा थोडा कमी होत असणार, असा विचार मला भाजी चिरतानाही यायचा.

नोव्हेंबरमध्ये पहिलं बर्फ पडलं त्या सकाळी मी गेले. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली. गाडी त्यांच्या ड्राइव्हवेत उभी करून दहा मिनिटं आतच बसले. मुलीने दार उघडलं, तिच्या कानाला हेडसेट होता. तिने खुणेनेच बाबा मागे आहेत असं सांगितलं आणि वरच्या खोलीत गेली.

काका खिडकीत बसले होते. मला ओळखलं, नावाने हाक मारली. मला हायसं वाटलं आणि लगेच आणखी भीती वाटली, कारण आता सांगायलाच हवं होतं. मी म्हटलं, काका, एक सांगायचं आहे. त्यांचं लक्ष पिशवीकडे होतं. वही आणलीस, म्हणाले आणि हात पुढे केला. मी दिली.

त्यांनी ती मांडीवर ठेवली. उगीच चाळली नाही, थेट शेवटून उघडली. जांभळ्या पानावर तळहात ठेवून थोडा वेळ बसले. पान अजून किंचित दमट होतं, त्यांच्या हाताला ते कळलं असणारच. मला वाटलं आता विचारतील. मी तोंड उघडलं. त्यांनी कोपऱ्यातल्या 'मीठ टाकलेलं' या दोन शब्दांवर बोट टेकवलं आणि वाचायला सुरुवात केली.

"आज हिला घरी आणलं. रस्त्यावर बर्फ वितळायला मीठ टाकलेलं होतं, गाडी घसरली नाही. हिने गाडीतच बूट काढले. म्हणाली, पाय भाजताहेत. घरात आल्याआल्या खिडकीशी गेली आणि पक्ष्यांना दाणे नाहीत म्हणून माझ्यावर चिडली."

त्यांचं बोट ओळीवरून सरकावं तसं कोऱ्या ढगावरून सरकत होतं. आवाज स्थिर होता. मला क्षणभर खरंच वाटलं की त्यांना दिसतंय. मग पाठ असलेली ती ओळ आठवली. ते वाचत नव्हते. हॉस्पिटलातून एकटे परतल्याचा तो दिवस त्यांच्याकडे आता नव्हताच. जिथे तो होता ती एकमेव जागा मी भिजवली होती, आणि त्या भिजलेल्या जागेत आता त्यांची बायको घरी येऊन पक्ष्यांना दाणे घालत होती.

मुलगी कधी खाली आली कळलं नाही. दारात उभी होती, हेडसेट गळ्यात. तिने वहीचं पान बघितलं, माझ्याकडे बघितलं. तिला मी काहीच सांगितलेलं नव्हतं, पण तिला सगळं समजलं. मी म्हटलं, मी थांबवते त्यांना. हे मी इतक्या हळू म्हटलं की मलाच ऐकू आलं नसेल.

"नो," ती म्हणाली. "मावशी, लिहा. ते म्हणतात तसंच लिहा."

मी लिहिलं. तीन दिवस सकाळी जाऊन लिहिलं. शेवटच्या सकाळी निघताना मुलगी मला गाडीपर्यंत सोडायला आली, कोट न घालता. मी तिची माफी मागितली, कुंडीचं, कणकेचं, पाचव्या माळेचं सगळं सांगितलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली की आईचे बूट नर्सने तिच्याच हातात दिले होते. पिशवीत घालून. बाबा तेव्हा पार्किंगमध्ये गाडी शोधत होते, त्यांना सापडत नव्हती.

गुढीपाडव्याला पुस्तक निघालं. शरद आणि हेमंत जेवढे हाती लागले तेवढे, आणि शिशिर पूर्ण. प्रस्तावनेत वही भिजल्याचा उल्लेख चार वेळा लिहिला आणि चार वेळा खोडला. काकांना कधीच सांगितलं नाही. त्यांच्या हातात पुस्तक दिलं तेव्हा त्यांनी वास घेतला, पाठीवर हात फिरवला, आणि मला म्हणाले की तू फार सांभाळलंस. मी खाली वाकून नमस्कार केला, म्हणजे चेहरा दिसणार नाही. मुलगी सांगायची की ते रोज सकाळी खिडकीत बसून पुस्तक वाचतात, आणि बहुतेक शेवटचाच भाग वाचतात. शांत असतात. ज्याला त्याला सांगतात की ही घरी आली तेव्हा रस्ते चांगले होते. लोकांना वाटलं, छान झालं. मला मात्र पुस्तक निघाल्यावर एका नव्याच गोष्टीची भीती बसली. लेखकाची आठवण चुकली तर वही सांगते. वही गेली तर पुस्तक सांगतं. आणि पुस्तकच चुकीचं असलं तर त्याच्यापुढे कुणाला विचारायचं?

मे महिन्यात एका सकाळी दहा वाजता काकांचा फोन आला. त्यांनी स्वतः लावला होता. आवाज इतका स्वच्छ होता की मी खुर्चीत सरळ बसले.

"शिशिर वाचला," ते म्हणाले. "यात ही घरी आली असं लिहिलंय."

मी म्हटलं, हो काका.

"मी सांगितलं होतं तुला?"

तुम्हीच सांगितलं होतंत, मी म्हटलं. हे खरं होतं, आणि यापेक्षा मोठं खोटं मी आयुष्यात बोललेले नाही. पान उलटल्याचा आवाज आला.

"छापलंय म्हणजे बरोबरच असणार," ते म्हणाले. मग म्हणाले, "मी सगळ्या खोल्या बघून आलो. खालीही जाऊन आलो. मग आता ती कुठे आहे?"

मागे मुलीचा आवाज येत होता, बाबा, बाबा, फोन द्या. मी म्हटलं, काका, मी येते. फोन ठेवला. बेसमेंटच्या कपाटातून ती वही काढली, तशीच, काहीही न गुंडाळता, आणि गाडीत शेजारच्या सीटवर ठेवली. शिशिराच्या पहिल्या पानावर आता काहीच वाचता येत नाही. पण पहिली ओळ मला पाठ आहे, आणि ती आता फक्त मलाच पाठ आहे. ती सांगायला मी निघाले.